मुंबई-ठाण्याच्या तलावांत नौकाविहार, वल्हवणे आणि गळाची मासेमारी : कुठे काय चालते?

प्रश्न – घोडबंदरकर

नमस्कार. आम्ही नुकतेच नाशिकहून ठाण्यात, घोडबंदर रस्त्यालगत राहायला आलो आहोत. नाशिकला गंगापूर धरणाच्या बोट क्लबमुळे माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला वल्हवण्याची गोडी लागली, आणि माझ्या वडिलांना गळ टाकून तासन् तास बसण्याची सवय तर तरुणपणापासूनची आहे. ठाणे हे तलावांचे शहर असल्याचे ऐकून दोघांनीही मोठ्या आशा बांधल्या, आणि मीही हवा भरून वापरायची दोन जणांची एक कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, घेऊन ठेवली.

प्रत्यक्ष चौकशी करू लागल्यावर मात्र प्रत्येक जण वेगळे सांगतो. कोणी म्हणते की तलाव सार्वजनिक आहेत, त्यामुळे विचारण्याची गरजच नाही. कोणी म्हणते की काठावर गळ घेऊन बसलात तरी दंड होईल. पवईच्या तलावात मगरी असल्याचे काही जण ठामपणे सांगतात, तर काही जण ती मुलांना घाबरवण्यासाठी रचलेली गोष्ट आहे असे म्हणून हसतात. स्वतःची कयाक मासुंदा, उपवन किंवा पवई येथे पाण्यात उतरवता येते का, वडिलांना गळ टाकण्यासाठी परवानगी कोणाकडे मागावी, आणि मगरींविषयी खरे काय, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर – काठावरचा

पवईच्या काठावर बसणाऱ्या गळवाल्यांपैकी मी एक आहे, तेव्हा तेथूनच सुरुवात करतो. मगरींविषयीची माहिती खरी आहे. त्या गोड्या पाण्यातील मगरी आहेत, तेथेच त्यांची वीण होते, आणि हिवाळ्यात सकाळी ऊन चढू लागले की काठावर किंवा पाण्यातून वर आलेल्या खडकावर त्या अंग शेकत पडलेल्या दिसतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्यांचा समावेश असल्याने त्यांना छेडणे, हुसकावणे किंवा त्यांच्या घरट्याला हात लावणे हा गंभीर गुन्हा आहे. हिवाळा सरताना आणि उन्हाळ्यात मादी काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते आणि पावसाळ्याच्या तोंडाशी पिल्ले बाहेर पडतात. त्या दिवसांत ती घरट्याजवळ आलेल्या कोणालाही सहन करत नाही. मुंबई महापालिकेने तलावाच्या कडेने सायकल आणि जॉगिंगचा मार्ग बांधायला घेतला होता, तो मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवला. तो काठ नुसता मोकळा पडलेला आहे असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. एवढे वाचल्यावर हवा भरलेली कयाक घेऊन मुलीसह पवईत उतरण्याचा विचार आपण सोडून द्याल अशी आशा आहे. तशी मोकळीक तेथे कोणालाही नाही, आणि नाही हेच योग्य आहे.

आता मासेमारीविषयी. पवईचा तलाव नैसर्गिक नाही. मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी मिठी नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यावर बांध घालून तो १८९१ मध्ये पूर्ण करण्यात आला. परंतु पाण्याचा दर्जा पिण्याजोगा नसल्याने लवकरच तो त्या कामातून बाद झाला, आणि पुढे त्याचे पाणी उद्योगांना व इतर वापरासाठी जाऊ लागले. तलाव महापालिकेचा असला तरी गळाच्या मासेमारीचा कारभार अनेक दशके महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही हौशी गळवाल्यांची संस्था पाहत आली आहे. तिचे आवार तलावाच्या काठावर, आदि शंकराचार्य मार्गाला लागूनच आहे. आपल्या वडिलांनी तेथे जाऊन सभासदत्वाची किंवा पाहुण्यांच्या परवान्याची चौकशी करावी. शुल्क, वेळा आणि एका माणसाने किती गळ टाकावेत याचे नियम बदलत असतात, म्हणून ते तेथेच विचारलेले बरे.

अनेकांना प्रश्न पडतो की पाण्यातल्या माशाला मालक कसा असेल. नदीत किंवा समुद्रात हा प्रश्न वाजवी आहे, तलावात नाही. रोहू, कटला आणि मृगळ हे आपल्याकडचे तीन प्रमुख मासे साठलेल्या पाण्यात वाढतात खरे, पण तेथे विणीला येत नाहीत. त्यासाठी त्यांना पावसाळ्यातले पुराचे, वाहते पाणी लागते. पूर्वी नद्यांतून बीज, म्हणजे माशांची इवली पिल्ले, गोळा करून आणावे लागे. हिरालाल चौधुरी यांनी १० जुलै १९५७ रोजी पियूषिका (पिट्युटरी) ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचे प्रजनन घडवून दाखवले, तेव्हापासून बीज केंद्रांतून मिळू लागले. (त्याच तारखेला देशात मत्स्यशेतकरी दिन पाळला जातो.) म्हणजे शहरातल्या तलावात पाच किलोचा कटला गळाला लागला, तर तो कधीतरी कोणीतरी पैसे मोजून बोटुकलीच्या, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लाच्या, आकाराचा असताना तेथे सोडलेला असतो. ग्रामीण भागात हे काम ठेक्याने तलाव घेणारी मच्छीमार सहकारी संस्था करते, पवईत हौशी गळवाल्यांची संस्था करते, आणि काही ठिकाणी महापालिका स्वतः करते. म्हणून गळ टाकण्यापूर्वी तलाव कोणाचा आहे एवढे विचारून भागत नाही, त्यात बीज कोणी सोडले हेही विचारावे लागते, आणि परवानगी द्यायची ती बहुधा बीज सोडणारी मंडळीच देतात.

वडिलांना गोदावरीची सवय असेल, तर तलावात त्यांना तरंडाची (दोरीवरच्या तरंगत्या खुणेची) उंची निराळी ठेवावी लागेल. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी चरतो. एकाच उंचीवर आमिष लोंबकळत ठेवून तिघांची वाट पाहणाऱ्याला बहुतेक वेळा चिलापीवरच (तिलापियावरच) समाधान मानावे लागते. कणकेत शेंगदाण्याची पेंड आणि थोडे भाजलेले बेसन मळून केलेला गोळा रोहूला चालतो. मरळीसाठी तरंडाचा उपयोग नाही. ती दबा धरून बसते आणि पाण्याच्या पृष्ठभागावर हललेल्या वस्तूवर झडप घालते, म्हणून रबरी बेडूक ओढत आणणारे गळवाले तुम्हाला जलपर्णीच्या कडेने दिसतील. एक विनंती अशी की पावसाळ्यात तांबूस-नारिंगी पिल्लांचा घोळका पृष्ठभागावर दिसला, तर त्याखाली त्यांचे आईबाप राखणीला असतात आणि ते हमखास गळाला लागतात. त्या वेळी गळ टाकू नये. ती जोडी काढली की पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात.

उत्तर – जांभळी नाका

मासुंद्याचे मी सांगतो, कारण माझे सारे आयुष्य त्याच्या आसपास गेले आहे. एका बाजूला कोपिनेश्वराचे मंदिर, जवळच गडकरी रंगायतन आणि संध्याकाळी चौपाटीसारखी गर्दी असलेल्या या तळ्यात ठेकेदाराच्या पायडल मारायच्या बोटी असतात आणि ठेकेदार अधूनमधून बदलतो, त्यामुळे मध्येच काही काळ बोटी बंदही असतात. तेथे स्वतःची होडी उतरवू देत नाहीत. तलाव लहान, कारंजी, बोटी आणि माणसे पुष्कळ. उतरवू दिली तरी वल्हवण्याचा आनंद तेथे मिळणार नाही. मुलीला अर्धा तास बोटीत बसवून नंतर काठावर भेळ खायला घालणे एवढेच मासुंद्याकडून अपेक्षित ठेवावे.

उपवन येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी असल्याने दिसायला फार सुंदर आहे आणि आपल्या घरापासून जवळही आहे. तेथेही बोटिंग ठेक्यावरच चालते. ठाण्यात पूर्वी साठाच्या वर तळी होती असे सांगतात, आज तीस-पस्तीस उरली आहेत. त्यांपैकी बरीचशी आता चारही बाजूंनी भिंत आणि कठडा घातलेली आहेत, ज्यात पाण्यापर्यंत उतरायला धड पायरीही नाही. काठावर बसण्यापूर्वी फलक वाचावा आणि प्रभाग कार्यालयात लेखी विचारावे. सुरक्षारक्षकाने तोंडी दिलेली परवानगी त्याच्या पाळीपुरतीच असते.

उत्तर – वल्हेकरी

आपल्या कयाकविषयी आणि मुलीविषयी लिहितो. हवा भरायच्या कयाकी वाईट नसतात, पण शहरातील तलाव त्यांच्यासाठी फारसे अनुकूल नाहीत. जेथे गणपतीचे विसर्जन होते त्या घाटांजवळ पाण्याखाली पाट, बांबू आणि सळ्या पडलेल्या असतात. तळ दिसत नाही आणि कापडाला केव्हा चीर गेली हे कयाक मऊ पडू लागेपर्यंत कळत नाही. दुसरी अडचण वाऱ्याची. ही कयाक पाण्यावर उंच तरंगते, त्यामुळे वारा तिला वल्ह्यापेक्षा जोरात ढकलतो. मुंबई-ठाण्यात दुपारनंतर समुद्राकडून पश्चिमेचा वारा सुटतो आणि जलपर्णीचे तराफे पूर्वेच्या काठाला नेऊन लावतो. सकाळी ज्या जागेवरून आपण मोकळ्या पाण्यात गेलात, तीच जागा परतताना हिरव्या थराने बंद झालेली असू शकते. जलपर्णीत वल्हे अडकते, आणि तिच्यातून पायी चालत काठ गाठता येत नाही. म्हणून कोठेही गेलात तरी पहाटे उतरावे, दहाच्या आत बाहेर यावे, आणि जाताना वाऱ्याच्या तोंडावर जाऊन परतताना वारा पाठीशी घ्यावा. उन्हात काठावर ठेवलेल्या कयाकीतली थोडी हवा काढून ठेवावी, कारण तापलेली हवा फुगून शिवण उसवते.

जीवनरक्षक जाकिटाविषयी मात्र मी कोणाचेही ऐकून घेत नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली आणि १२ मुले व २ शिक्षिका बुडाल्या. तो समुद्र नव्हता, धरण नव्हते. भर शहरातला, सुशोभित केलेला तलाव होता. बोटीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती आणि अनेकांच्या अंगात जाकीट नव्हते. ठेकेदाराच्या बोटीत बसतानाही मुलीला तिच्या मापाचे जाकीट मागावे. पट्टे आवळल्यावर जाकीट खांद्यांवर धरून वर उचलून पाहावे. ते कानांपर्यंत सरकले तर ते मोठे आहे, आणि पाण्यात पडल्यावर मूल त्यातून खाली निसटेल. ते जाकीट नाकारावे, आणि दुसरे नसेल तर बोट नाकारावी.

मुलीला खरोखर वल्हवायला शिकायचे असेल, तर मी स्पष्टच सांगतो की ठाण्यातले तलाव विसरून सुट्टीत नाशिकला किंवा पुण्याला जावे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब फार जुना आहे, आणि सैन्याचे वल्हवणारे खेळाडूही पुण्याच्याच परिसरात तयार होतात. आपल्याच नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यातून आलेले दत्तू भोकनळ यांनी सैन्यात भरती झाल्यानंतर वल्हे प्रथम हातात घेतले आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकला ते एकेरी स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याने दोन वल्ह्यांनी होडी वल्हवण्याच्या शर्यतीत, तेरावे आले. त्यामुळे अकराव्या वर्षी दर आठवड्याला सराव झाला नाही म्हणून काही बिघडत नाही. कयाक वापरायचीच असेल तर पवना धरणाच्या काठावरील शिबिरांत, जेथे पाणी स्वच्छ आणि रुंद आहे आणि कोणीतरी लक्ष ठेवणारे असते, तेथे न्यावी. ठाण्याच्या खाडीत मात्र हौसेने उतरू नये. खाडीला भरती-ओहोटी आहे, ओहोटीत कयाक चिखलात रुतली तर पुढचे काही तास ना वल्हवता येते ना चालता येते, आणि खाडीचा मोठा भाग २०१५ पासून रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे अभयारण्य आहे, तेथे वनविभागाच्या परवानगीशिवाय होडी नेता येत नाही. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून त्यांच्याच बोटीने फेरी मिळते. हिवाळ्याच्या शेवटी भरतीची वेळ पाहून मुलीला तेथे न्यावे, ती वल्ह्याचे दुःख विसरेल.

घोडबंदरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कयाक पावसाळ्यानंतर पवन्याला नेण्याचे ठरवले आहे. वडील पवईला जायला उत्सुक आहेत, पण त्यांच्या दोन शंका आहेत. पकडलेला मासा घरी आणून खाल्ला तर चालेल का? आणि विहार व तुळशी हे तलाव पवईपेक्षा स्वच्छ असूनही तेथे गळवाले का दिसत नाहीत? याखेरीज जून-जुलैत मासेमारीबंदी असते, ती तलावांनाही लागू आहे का, असेही त्यांनी विचारले आहे.

उत्तर – गोडे पाणी

मी मत्स्यशास्त्राचे शिक्षण घेतलेले आहे, म्हणून या तीन शंकांना क्रम बदलून उत्तर देतो.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै ही यांत्रिक नौकांवरची बंदी समुद्रातील मासेमारीसाठी आहे. तलावांना ती लागू नाही, मात्र ज्या संस्थेकडे तलाव असतो ती स्वतःचे बंद दिवस ठरवू शकते. सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारणे मात्र १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमापासूनच गुन्हा आहे.

विहार १८६० मध्ये आणि तुळशी १८७९ मध्ये बांधून पूर्ण झाला, आणि दोन्हींचे पाणी आजही मुंबईकर पितात. विहारात भरल्यावर सुमारे २,७७० कोटी लिटर आणि तुळशीत सुमारे ८०५ कोटी लिटर पाणी मावते. पवईत साधारण ५४५ कोटी लिटर मावते, पण ते पिण्यासाठी नाही. विहार-तुळशीच्या सभोवती संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आहे, म्हणजे पिण्याचे पाणी आणि राष्ट्रीय उद्यान असे दुहेरी कुलूप आहे. तेथे कोणी गळ टाकू देतो म्हणाला तर तो आपल्याला गुन्ह्यात भागीदार करून घेत आहे. राष्ट्रीय उद्यानाच्या बोरिवली प्रवेशद्वाराकडील लहान तळ्यात बोटिंग असते, ते निराळे.

खाण्याविषयी माझे मत असे की शहरी तलावातील मासा पकडावा आणि सोडावा. ज्या तलावात सांडपाणी मिसळते, तेथे पाण्यातले नत्र आणि स्फुरद वाढते, त्यावर शेवाळ आणि जलपर्णी पोसली जाते, आणि सांडपाण्यासोबत आलेले जड धातू तळाच्या गाळात साठतात. तळाशी चरणारे मासे ते अंगात घेतात, आणि शिजवल्याने धातू जात नाहीत. त्यातून हे शेवाळच कधी कधी माशांचा जीव घेते. दिवसा ते प्राणवायू सोडते, रात्री मात्र तेही प्राणवायू वापरते, आणि उन्हाळ्याअखेरच्या ढगाळ, निर्वात दिवसांनंतर पहाटे पाण्यातील प्राणवायू एवढा खाली जातो की रोहू-कटला पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात विषप्रयोगाची शंका छापून येते. क्वचित ती खरी असते, बहुतेक वेळा कारण हेच असते. पहाटे मासे असे वर आलेले दिसले तर गळ गुंडाळून ठेवावा आणि तलाव सांभाळणाऱ्यांना कळवावे, कारण त्या वेळी पाणी उसळवणारे यंत्र किंवा कारंजे सुरू केले तर बरेचसे मासे वाचतात.

चिलापी या प्रसंगातून सहीसलामत सुटते. हा मूळचा आफ्रिकेतला मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला. तो कमी प्राणवायूत तगतो, साठलेल्या पाण्यात वर्षातून अनेकदा वितो, पिल्लांना तोंडात घेऊन सांभाळतो, आणि थोड्याच वर्षांत तलाव आपलासा करतो. चिलापी पाण्यात परत सोडण्याची गरज नाही, पण म्हणून ती खावी असेही नाही. आणि आपल्या मुलीच्या शाळेतील मित्रमैत्रिणींपर्यंत एक गोष्ट पोहोचवावी. घरच्या काचपेटीत मोठा झालेला सकर मासा दया म्हणून तलावात सोडणारे लोक तलावाचे मोठे नुकसान करतात. तो तेथे मरत नाही, बिळे करतो आणि स्थानिक माशांची अंडी खातो.

माझे शेवटचे मत गळवाल्यांना रुचणार नाही. मगरी, कमळपक्षी आणि पाणकावळे असलेल्या पवईसारख्या तलावात माणसाने हौसेसाठी गळ टाकूच नये असे मला वाटते. तुटून राहिलेल्या नायलॉनच्या दोऱ्यात पाय अडकलेले पक्षी मी पाहिले आहेत.

उत्तर – काठावरचा

दोऱ्याविषयीची आपली तक्रार रास्त आहे, आणि तुटलेला दोरा काठावर टाकून जाणाऱ्याला पुन्हा बसू देऊ नये या मताचा मी आहे. बाकीच्याशी सहमत नाही. रात्री जाळी लावून जाणारे, पात्रात भराव टाकणारे आणि नाल्याचे तोंड गुपचूप तलावाकडे वळवणारे लोक सर्वात आधी कोणाच्या दृष्टीस पडतात, तर रोज पहाटे तेथे येऊन बसणाऱ्याच्या. गळवाले उठून गेले म्हणून मगरींना शांतता मिळेल असे नाही. ती जागा ज्यांना परवान्याची पर्वा नाही असे लोक घेतील.

घोडबंदरकर, वडिलांना घेऊन येताना टोकाजवळचा उलटा काटा नसलेले गळ आणावेत, किंवा असलेल्या गळांचे उलटे काटे चिमट्याने दाबून सपाट करावेत. मासा सोडायचा असेल तर तो लवकर सुटतो. मासा हातात घेण्यापूर्वी हात पाण्यात ओले करावेत, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडल्यानंतर त्याला बुरशी लागते. बसण्यासाठी संस्थेने नेमून दिलेली, पाण्यापासून उंच असलेली जागाच घ्यावी, पाय पाण्यात सोडून बसू नये, आणि माशांची आतडी किंवा उरलेले आमिष काठावर टाकू नये, कारण त्या वासाने आधी कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे मगर येते. पायाला जखम असेल तर त्या दिवशी घरीच थांबावे. पावसाळ्यात लेप्टोचा (दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा) धोका असतो. रविवारी जागेसाठी गर्दी होते, म्हणून प्रथम एखाद्या कामाच्या दिवशी कार्यालयात येऊन परवान्याचे काम उरकून घ्यावे आणि वडिलांचे ओळखपत्र व छायाचित्र सोबत आणावे.